बाळ यायच्या आधी फीडिंग ब्रा घ्यायची तर माप कोणतं धरायचं? (वडोदरा)

दांडियाबाजारची सून

मला ३५वा आठवडा लागलाय, तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. पहिलीच वेळ. माहेर इंदूरला, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, म्हणून बाळंतपण इथेच सासरी वडोदऱ्याला करायचं ठरलं. दवाखान्यात न्यायची पिशवी भरून झाली. दुपटी, लंगोट, टोपडी, माझे समोरून उघडणारे दोन गाऊन. फीडिंग ब्रा तेवढी राहिली आहे आणि तिथेच घोडं अडलंय.

गेल्या शनिवारी ऊन उतरल्यावर नणंदेला घेऊन मंगळबाजारात गेले. दुकानात एक तरुण मुलगा होता. ‘कई साइझ, बेन?’ मी लग्नाआधीपासून ३४ बी वापरते, तेच सांगितलं. त्यानं माझ्या पोटाकडे बघितलं आणि ३८ बीची तीन पाकिटं समोर ठेवली. ‘डिलिवरी पछी आ ज आवशे.’ म्हणजे बाळंतपणानंतर हीच बसेल. घालून बघायची सोय नाही आणि आतले कपडे परत घेत नाहीत. मागे माणसं उभी होती, मला तिथे जास्त बोलवेना. एक घेतली आणि निघाले.

घरी घातली तर पट्टा पाठीवर वर चढतो आणि कप मात्र काखेच्या बाजूनं दाबतो. एकाच वेळी सैल पण आणि घट्ट पण, हे कसं ते मला कळत नाहीये.

सासूबाई म्हणतात, काही आणू नकोस, आमच्या वेळी समोर हुकांचं ब्लाऊज असायचं आणि आत काही नाही, सव्वा महिना कुठे बाहेर जायचं असतं? त्या प्रेमानं सांगतात. पण मला आत्ताच छाती इतकी जड लागते की आधाराशिवाय कुशीवर वळवत नाही. नणंद म्हणते, अर्धा डझन ऑनलाइन मागवून टाक, नंतर कोण जाणार आणायला.

आत्ताचं माप नंतर उपयोगी पडेल का? अंदाजानं किती मोठी घ्यायची? आणि किती घ्यायच्या? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया नीट सांगा, कारण घरात हे मोकळेपणानं विचारायला दुसरं कुणी नाही.

दोन लेकरांची आई, वाडी

अगं, आधी तुझ्या त्या ‘सैल पण आणि घट्ट पण’चं सांगते, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

आकडा सांगतो पट्टा, म्हणजे छातीखालचा घेर. कप किती मोठा ते अक्षर सांगतं, पण एकटं अक्षर नाही, आकड्याच्या सोबतीनं. ३४ डी, ३६ सी आणि ३८ बी या तिन्हींचा कप जवळपास एवढाच असतो. म्हणजे त्या मुलानं तुझा कप थोडा वाढवला आणि पट्टा मात्र दोन मापं मोठा करून दिला. बऱ्याच लहान दुकानांत बी कपच जास्त ठेवतात, फार तर सी. त्यामुळे छाती वाढलेली बाई आली की पुढचा आकडा हातात देतात. तुला मोठा कप हवा होता, मोठा पट्टा नव्हे. खालचा पट्टा सैल राहिला की सगळं ओझं खांद्यांवर येतं, पाठीमागे पट्टा चढतो आणि कप जागेवर बसत नाही.

आता माझं. थोरल्याच्या वेळी मी सातव्या महिन्यात सहा ब्रा घेतल्या. तेव्हाच्या मापाच्या, अगदी नेमक्या, आणि त्यातल्या चारांत खालून तार होती. शिवण जाड होती म्हणून मला तार कळलीच नाही. चौथ्या दिवशी पान्हा फुटला. सकाळी घातलेली ब्रा संध्याकाळी लागेना. मी काय केलं, हुक काढायचा कंटाळा म्हणून पाजताना नुसती वर सरकवायची. बाराव्या दिवशी उजव्या बाजूला काखेखाली गाठ आली, तार जिथे टेकायची त्याच रेषेत. संध्याकाळपर्यंत ती जागा लाल आणि गरम झाली, रात्री १०२ ताप आणि थंडी. डॉक्टरांनी औषध दिलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. तारेचं काही घालायचं नाही, कुठेही आवळणारं घालायचं नाही, आणि पाजणं बंद करायचं नाही, त्याच बाजूनं बाळाला घ्यायचं. पाजताना मी अक्षरशः दात आवळून बसायची. सहापैकी एकही ब्रा पुढे अंगाला लागली नाही. हे तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून एवढं लिहितेय.

धाकटीच्या वेळी मी ३६व्या आठवड्यात माप घेतलं. त्या सुमाराला घेतलेलं माप बऱ्यापैकी टिकतं, मात्र एक समजून घे. दोन गोष्टी वेगवेगळ्या चालतात. बरगड्या वेगळ्या आणि छाती वेगळी. शेवटच्या महिन्यांत पोट वर सरकतं तशा बरगड्या फाकतात, म्हणून आत्ता पट्ट्याचा घेर सगळ्यात जास्त असतो. बाळ झालं की तो हळूहळू उतरतो. छातीचं उलट. दूध उतरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती अचानक वाढते, आणि पुढे सहाएक आठवड्यांत, बाळाच्या भुकेप्रमाणे दूध बनायला लागलं की जरा निवते.

म्हणून पट्टा असा घ्यायचा की आत्ता सगळ्यात बाहेरच्या, सैल हुकावर नीट बसेल. नंतर आतले हुक लावत जायचं. एरवीच्या ब्राला हुकांच्या दोनतीन रांगा असतात, फीडिंग ब्राला चार बघून घे. आणि कपात आत्ता थोडी जागा हवी. कप बसल्यावर वरून सपाट हात अलगद आत जायला हवा. पुढे दूध वाहतं तेव्हा आत पॅड ठेवायचा असतो, त्यालाही जागा लागते.

अर्धा डझन घेऊ नकोस. आता दोन, आणि एक लवचीक, रात्री घालायची, तार-हुक काही नसलेली, समोरून एकावर एक येणारी. तीन मी मोजूनच सांगतेय. तुझी तारीख जूनमधली. त्यानंतर आठवडाभरात आपल्याकडे पाऊस लागेल आणि मग काही वाळत नाही. एक अंगावर, एक धुतलेली, एक अजून ओली, असं चालतं ते. बाकीच्या सव्वा महिना झाल्यावर नव्या मापानं आण.

ब्लाऊज शिवणारी, रावपुरा

वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय. मी माप कसं घ्यायचं तेवढं सांगते, कारण २५ वर्षं हातात टेपच आहे आणि बायका घरी माप चुकवतात ते कुठे हे मला माहीत आहे.

पॅडची ब्रा घालून माप घेऊ नकोस. पातळ, जुनी, साधी घाल. आरशासमोर सरळ उभी राहा. टेप आधी छातीच्या अगदी खाली, बरगड्यांवर. श्वास सोड आणि मग आकडा बघ. टेप इथे घट्ट हवी, पण रुतायला नको. मग दुसरं माप छाती सगळ्यात भरलेली असते तिथून, आणि इथे टेप नुसती टेकलेली. दाबली की एक कप कमी भरतो. सगळ्यात मोठी चूक पाठीमागे होते. टेप मागे खाली घसरते आणि तुला ते दिसत नाही. म्हणून नणंदेला मागे उभी कर आणि टेप जमिनीला समांतर आहे का ते बघायला सांग.

इंचात नको, सेंटीमीटरमध्ये घे. ३६ नंबर म्हणजे टेपवर ३६ इंच नव्हेत, इथेच सगळे फसतात. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात ३४ म्हणजे छातीखाली ७३ ते ७७ सेंटीमीटर, ३६ म्हणजे ७८ ते ८२, ३८ म्हणजे ८३ ते ८७. काही कंपन्या वेगळं धरतात, म्हणून पाकिटावरचा तक्ता वाचल्याशिवाय घेऊ नकोस. कप दोन मापांच्या फरकावरून निघतो. साधारण १४ ते १६ सेंटीमीटर फरक असला तर बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी, पुढे डीडी. एक बाजू जरा मोठी असतेच, मोठ्या बाजूचं धर.

कापड सुती होझिअरीचंच घे. चकचकीत सॅटिनचं दिसायला छान असतं, पण मे-जूनच्या घामात छातीखाली घामोळं उठतं. खांद्यावरचा पट्टा रुंद हवा, अंगठ्याएवढा तरी. आणि फीडिंग ब्राचा पदर खाली सोडल्यावर आत जी गोल पट्टी राहते ती बघ. ती अरुंद असली तर भरलेल्या छातीला दोरीसारखी आवळते.

दुधाचे पॅड विकत आणायची गरज नाही. मऊ झालेलं जुनं धोतर असेल घरात, किंवा मलमल. तळहाताएवढे गोल काप, पाच पदर एकावर एक, कडेनं टाके घाल. डझनभर करून ठेव. ओला झाला की लगेच बदल, ओलं फडकं त्या जागेवर राहू देऊ नकोस.

आणखी एक, विचारलं नाहीस तरी सांगते. बारशाचं ब्लाऊज आत्ता शिवून ठेवू नका. बाराव्या दिवशीही बाळंतिणीची छाती भरलेलीच असते आणि माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी आदल्या रात्री उसवायला धावत येतं. कापड कापून ठेवा, समोर हुक, बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया, आणि आठव्या दिवशी माप पाठवा. दोन दिवसांत शिवून होतं.

दांडियाबाजारची सून

काल रात्री नणंदेनं माप घेतलं, अगदी तुम्ही सांगितलं तसं. छातीखाली ८०, छातीवर ९९. दोनदा घेतलं, तेवढंच आलं. म्हणजे ३६ डी ना? मला खरंच धक्का बसला. डी हे अक्षर माझ्यासाठी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. गेले चार महिने मी ३४ बीच आवळून घालत होते आणि पाठ दुखते ती पोटामुळे असं समजत होते.

आता घेताना ३६ डीच घ्यायची की पुढची?

दोन लेकरांची आई, वाडी

बघ, ३८ बीचा कप तुला एक माप लहान आणि पट्टा एक माप मोठा. तेच तुला अंगावर कळत होतं.

पुढची घे, ३६ डीडी. पट्टा तोच, कप एक पुढे. शिवणीचा टणक कप नको, वरच्या बाजूनं ताणणारा घे. ३६ डीडी दुकानात सहज मिळणार नाही, ऑनलाइनच मागव आणि परत घेतात असंच बघून मागव. आली की चिठ्ठी काढायच्या आधी आरशासमोर एक करून बघ. टॉवेलची गुंडाळी बाळासारखी डाव्या हातावर घे आणि उजव्या हातानं कपाची क्लिप उघड, मग परत लाव. मग हात बदल. एका हातानं होत नसेल तर ती परत पाठव, मग कितीही मऊ असो. रात्री तीन वाजता बाळ रडत असताना दुसरा हात मोकळा नसतो. असल्याच त्रासामुळे मी पहिल्या वेळी ब्रा वर सरकवत होते ना.

पट्टा चढतोय का बघायला दोन्ही हात वर करून खाली सोड. खालून दोन बोटं जावीत, मूठ जायला नको.

निवृत्त सिस्टर

बाळंतपणाच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं लिहिते.

पहिले दोन दिवस चीक येतो, तो थोडा असतो आणि बाळाला तेवढाच लागतो. छाती मऊच असते. तेव्हा मुलींना वाटतं, माप बरोबर निघालं. खरी परीक्षा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. छाती दगडासारखी होते, कातडी ताणते. त्या दोनतीन दिवसांत कुठलीही बेतशीर ब्रा घट्टच होणार, त्याला मापाची चूक समजू नका. तेव्हा ती लवचीक घाला किंवा काहीच घालू नका. सासूबाईंचं समोर हुकांचं सैल ब्लाऊज त्या दिवसांसाठी उत्तम आहे, त्यांचं ऐका. आधार हवा वाटला तर आधार, मोकळं बरं वाटलं तर मोकळं. ब्रा घातली नाही म्हणून दुधाला काही होत नाही.

२४ तासांत ८ ते १२ वेळा बाळाला घ्या, मागेल तेव्हा. फार कडक झाली आणि बाळाला धरता येईना तर पाजायच्या आधी हातानं थोडं दूध काढा म्हणजे पुढचा भाग मऊ होतो. पाजून झाल्यावर थंड पाण्याचं फडकं ठेवा. मालिशवाल्या बाईला स्पष्ट सांगा, गाठ जोरात चोळायची नाही. ‘गाठ फोडते’ म्हणून अंगठ्यानं दाबतात, त्यानं आतली सूज वाढते. रोजची ब्रा काढल्यावर अंगावर वळ बघायची सवय ठेवा. हलकी रेघ चालते, खोल खाच दिसली तर ती घालू नका. लाल चट्टा, ताप, थंडी असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आणि पाजत राहा.

दांडियाबाजारची सून

सात आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. मुलगी झाली. तारखेच्या तीन दिवस आधी, पहाटे, आणि बाहेर पहिला पाऊस पडत होता.

दोन ३६ डीडी आणि एक रात्रीची अशा तीनच नेल्या होत्या. सिस्टर, तुम्ही सांगितलं तसंच झालं. दुसऱ्या दिवसापर्यंत डीडी सैल वाटत होती, मी मनात म्हटलं फार मोठी घेतली. चौथ्या दिवशी दुपारी माप घेतलं तर १०४. हुक लागणं सोडाच, कपच बसेना. तुमचं वाचलेलं नसतं तर मी नक्की रडले असते. सासूबाईंनी त्यांचं एक जुनं पांढरं ब्लाऊज काढून दिलं, सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं, समोर पाच हुक. तीन दिवस मी तेच घातलं. रात्री ती लवचीक. सातव्या दिवसापासून डीडी परत आली, बाहेरच्या हुकावर.

आठव्या दिवशी नणंद ब्लाऊजचं माप घेऊन रावपुऱ्यात गेली आणि बारशाला ब्लाऊज अगदी नीट बसलं. ताई, बाजूची माया दोन्हीकडची पूर्ण उघडावी लागली. दीड इंच म्हणाला होतात, तेवढीच लागली.

गाठ एकदाच आली, डावीकडे, तिसऱ्या आठवड्यात. त्या रात्री मी थकून ब्रासकटच कुशीवर झोपले होते आणि पट्टा काखेत गुंडाळला गेला होता. सकाळी चण्याएवढी लागली. मालिशवाल्या मावशींनी हात पुढे केला, मी नको म्हटलं. त्यांना राग आला, पण सासूबाई मध्ये पडल्या. ‘ती सांगते तसंच करा,’ म्हणाल्या. दिवसभर त्या बाजूनं पाजत राहिले, संध्याकाळी गाठ नव्हती.

काल पुन्हा टेप लावली. छातीखाली ७८, वर ९९. म्हणजे बरगड्या उतरल्या आणि फरक आता २१, तक्त्यात ३६ डीडी. आता तिसऱ्या हुकावर लावते. आज आणखी दोन मागवल्या, कारण पाऊस थांबत नाहीये आणि मागच्या गॅलरीत दोरीवर तिच्या लंगोटांच्या रांगेत माझ्या तिन्ही ओल्या लटकतायत.

ती ३८ बी अजून पाकिटात आहे. कुणाला छातीखाली ८५च्या आसपास आणि वर १०० भरत असेल तर सांगा, धुतलेली आहे, एकदाच घातलेली. दांडियाबाजारातून येऊन घेऊन जा.